बाप-लेकाची जवळीक कथेत कशी उतरवावी : खान्देशातील नवोदित लेखकांसाठी

खान्देशात आईविषयी लिहू पाहणाऱ्याला भाषा तयार मिळते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या ओव्या त्यांचे पुत्र सोपानदेव यांच्यामुळे जगापुढे आल्या आणि १९५२ साली पुस्तकरूपाने छापल्या गेल्या. अमळनेरच्या शाळेत शिकवणाऱ्या साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात आईच्या आठवणी लिहून काढल्या. त्यामुळे जात्यावरची, चुलीपुढची, देवघरातली आई रेखाटताना इथल्या नव्या लेखकाचा हात सहसा अडखळत नाही. बापाकडे वळताच मात्र तोच हात थांबतो, आणि थोड्या वेळाने कागदावर उतरते ते ठरलेलेच वाक्य : वडील वरून फणसासारखे काटेरी, पण आतून गोड. ज्या मुलखात केळी, कपाशी आणि दादर जातीची ज्वारी पिकते, जिथे फणसाचे झाड शोधून काढावे लागते, तिथल्या बापाला ही उपमा लावली की तो बाप कथेतून तिथल्या तिथे नाहीसा होतो.

बाप आणि मुलगा एकमेकांच्या किती जवळ आहेत, हे शब्दांच्या साहाय्याने वाचकाला कसे जाणवून द्यावे, याचा हा मार्गदर्शक लेख कथा किंवा ललित लेख पहिल्यांदाच लिहायला बसणाऱ्यांसाठी आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : आपल्याकडचे बाप-लेक एकमेकांकडे सरळ पाहून बोलत नाहीत, ते दोघे मिळून तिसऱ्याच कशाकडे तरी पाहतात. ती तिसरी गोष्ट बैल असते, विहिरीवरची मोटर असते, कपाशीचा भाव असतो, कधी आईच असते. लेखकाने आधी ती गोष्ट शोधावी आणि मग तिच्यापासून नजर हलवू नये.

भावनेचे नाव घेऊ नये

ही सूचना जुनी आहे आणि ती आपल्याच परंपरेतली आहे. अकराव्या शतकातील संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात रसदोषांची, म्हणजे रसाला बाधा आणणाऱ्या दोषांची, यादी दिली आहे. तिच्या आरंभीच त्याने सांगितले आहे की रस, स्थायीभाव (मनात टिकून राहणारा भाव) किंवा व्यभिचारीभाव (येऊन-जाऊन असणारा भाव) यांचा त्यांच्याच नावाने उल्लेख करणे हा दोष आहे. शोक दाखवायचा असेल तर ‘शोक’ हा शब्द उच्चारून तो दिसत नाही, आणि वात्सल्याचेही तसेच आहे. पुढे चौदाव्या शतकात विश्वनाथाने साहित्यदर्पणात वत्सल हा स्वतंत्र रस मानला, म्हणजे अपत्याविषयीची माया हा साहित्याचा विषय म्हणून आपल्याकडे केव्हाच मान्य झालेला आहे. ती माया दिसते ती अनुभावांतून, म्हणजे शरीराच्या आणि कृतीच्या खुणांतून. नवोदितांनी या चर्चेतून एवढे एकच घेतले तरी पुरे आहे : ‘प्रेम’, ‘माया’, ‘काळजी’, ‘ओलावा’, ‘जिव्हाळा’ हे पाच शब्द पहिल्या मसुद्यात वापरायचे नाहीत, असे ठरवून बसावे.

एक नमुना पाहू; यातले भाऊ म्हणजे निवेदकाचे वडील. पहिल्या मसुद्यात साधारणपणे असे लिहिले जाते :

‘भाऊंचे माझ्यावर फार प्रेम होते, पण ते कधी बोलून दाखवत नसत. रात्री-अपरात्री शेतात जातानाही ते माझी खूप काळजी घेत.’

तेच पुन्हा लिहिले :

‘लाईट रात्री बाराला आली. भाऊ पुढे निघाले, मी मागे. बॅटरी त्यांच्या हातात होती, पण उजेड त्यांच्यापुढे पडत नव्हता. हात मागे वळवून त्यांनी तो माझ्या पायांपुढे धरला होता. नालीपाशी ते थांबले, “जपीसन ये,” एवढे म्हणाले आणि पुन्हा चालू लागले. मोटर सुरू होईपर्यंत आम्ही दोघे काहीच बोललो नाही.’

दुसऱ्या उताऱ्यात काय काय घडले ते नीट पाहावे. शेतीपंपाला वीज पाळीने मिळते आणि एखाद्या आठवड्यात ती रात्रीचीच असते, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. त्यामुळे बाप-लेक मध्यरात्री बांधावर का आहेत याचे कारण वेगळे सांगावे लागले नाही. गावाकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात, म्हणून तोच शब्द ठेवला. बाप स्वतः अंधारात चालतो आणि उजेड मुलाला देतो, ही गोष्ट निवेदकाने केवळ पाहिली आहे, तिचा अर्थ लावलेला नाही. अर्थ वाचक लावतो, आणि त्याने स्वतः लावलेला अर्थ त्याच्याजवळ अधिक काळ राहतो. शेवटच्या वाक्यात ‘बोललो नाही’ असे आले आहे, तरी त्या न बोलण्यात दुरावा नाही, कारण त्याच्या आधी उजेडाची दिशा येऊन गेलेली आहे. वाक्यांचा क्रम उलटा केला, आधी मौन आणि मग बॅटरी ठेवली, तर हाच उतारा तुसड्या बापाचा होईल. क्रम हेही एक तंत्र आहे आणि त्याकडे नवोदितांचे लक्ष फार उशिरा जाते.

तिसरी गोष्ट शोधण्याची रीत

लिहायला बसण्यापूर्वी एका कागदावर वडिलांचे स्वभाववर्णन न करता केवळ त्यांच्या हाताळणीतल्या वस्तू लिहाव्यात : कासरा, विळा, स्टार्टरची पेटी, सोसायटीचे पासबुक, रेल्वेत असतील तर ड्यूटीचा डबा, दुकान असेल तर उधारीची वही. प्रत्येक वस्तूपुढे ती वस्तू ते कशी धरत, कुठे ठेवत, कोणाला हात लावू देत नसत, हे एका वाक्यात लिहावे. भुसावळच्या लोको शेडमधून पहाटे परतणारा बाप आणि रावेरच्या केळीबागेत राबणारा बाप यांच्या यादीत एकही वस्तू सारखी नसेल, आणि त्या फरकातच दोन वेगळ्या कथा असतील. यादी झाल्यावर ज्या वस्तूला आपलाही हात लागलेला आहे तिच्याखाली रेघ ओढावी. बाप-लेकाची कथा तिथून सुरू होते.

माझ्या यादीत मी ज्या वस्तूखाली रेघ ओढली ती जेवणाच्या डब्याचे फडके होती. मी साक्री तालुक्यातील गावाहून धुळ्याला शिकायला होतो आणि डबा सकाळच्या एसटीने येई. आई तो बांधून देई, वडील फाट्यावर नेऊन कंडक्टरच्या स्वाधीन करीत आणि मी स्टँडवर जाऊन उतरवून घेई. आईची गाठ एका ओढीत सुटायची. एके दिवशी ती सुटेना. पाहिले तर ती बैलाचे दावे खुंट्याला बांधताना मारतात तशी गाठ होती, ओढली की आणखी आवळणारी. आत जाडसर, एका बाजूने करपलेल्या तीन भाकरी होत्या आणि भरपूर तेलातला ठेचा होता. चिठ्ठी नव्हती. आई आजारी आहे हे मला त्या गाठीवरून कळले, आणि भाकरी कोणी थापल्या हेही कळले. पुढे मी हा प्रसंग लिहिला तेव्हा वडिलांचे स्वयंपाकघरातले चित्र रंगवण्याचा मोह झाला होता : पिठाने भरलेले हात, धुराने चुरचुरणारे डोळे. पण ते मी पाहिलेच नव्हते. मी पाहिली ती गाठ. म्हणून कथेत गाठच ठेवली आणि ती सोडवायला मुलाला किती वेळ लागला हे सावकाश लिहिले. ज्या तपशिलापाशी वाचकाने थांबावे असे वाटते, तिथे लेखकाने स्वतः आधी थांबायला हवे. बाकीचा प्रवास, म्हणजे वसतिगृह, कॉलेज, परीक्षा, दोन ओळींत उरकला तरी काही बिघडत नाही.

कोण सांगतो आणि कोणत्या काळात

निवेदक ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये. बाप-लेकाच्या कथेत साधारण तीन वाटा असतात : मुलगा लहान असतानाच सांगतो, मुलगा मोठा होऊन मागे वळून सांगतो, किंवा बाप सांगतो. तिसरी वाट अवघड आहे, कारण इथला बाप स्वतःविषयी फारसे बोलणारा नाही आणि त्याला पानेच्या पाने बोलते केले की तो लेखकासारखा बोलू लागतो. पहिली वाट गोड आहे, पण तिच्यात लहान मुलाच्या तोंडी मोठ्यांची समज घालण्याचा धोका असतो. नवोदितांनी दुसरी वाट धरावी असे मला वाटते, मात्र एका अटीवर : मोठ्या झालेल्या निवेदकाला जे आज कळते ते त्याने लवकर सांगून टाकू नये. बॅटरीच्या प्रसंगात लहान मुलाला वाटते की भाऊंना मांजरासारखे अंधारात दिसते, म्हणून त्यांना उजेड लागत नाही. मोठ्या निवेदकाला खरे कारण माहीत आहे. तरीही त्याने त्या पानावर मुलाची समजूतच लिहावी. दोन समजुतींमधले हे अंतर कथा संपेपर्यंत ताणून धरता आले, तर वडिलांविषयी एकही विशेषण न लिहिता ते उंच होत जातात.

इथे मराठी क्रियापदांचा एक प्रश्न येतो. आठवणी लिहिताना आपण नकळत रीतिभूतकाळात शिरतो : भाऊ पहाटे उठायचे, गोठ्यात जायचे, मला हाक मारायचे. हे सगळे ‘करायचे, जायचे, सांगायचे’ दहा ओळी चालले की वाचकापुढे एकही सकाळ उभी राहत नाही. अनेक सकाळींची भेसळ तेवढी राहते. उपाय सोपा आहे. रीतिभूतकाळाची दोन वाक्ये लिहून सवय सांगावी आणि तिसऱ्या वाक्यात ‘त्या दिवशी’ म्हणून साध्या भूतकाळात यावे : ‘त्या दिवशी भाऊंनी हाक मारली नाही.’ सवय सांगितल्यामुळेच ती मोडल्याचे वजन कळते.

दुसरा प्रश्न आदरार्थी बहुवचनाचा आहे, आणि तो आपल्या भाषेत मोठ्या बारकाव्याने सोडवता येतो. ‘बाप म्हणाला’ आणि ‘वडील म्हणाले’ या दोन वाक्यांत बाप एकच असला तरी निवेदकाची उभी राहण्याची जागा वेगळी आहे. पहिल्यात तो बरोबरीने किंवा रोषाने उभा असेल, दुसऱ्यात एक पाऊल मागे. जे ठरवाल ते शेवटपर्यंत पाळावे, कारण मध्येच झालेला बदल एरवी निष्काळजीपणा ठरतो. पण संपूर्ण कथेत एकदाच, जाणीवपूर्वक केलेला बदल फार मोठे काम करतो. सगळी कथा ‘भाऊ आले, भाऊ बसले’ अशी चालली असेल आणि दवाखान्याच्या जिन्यात निवेदकाच्या तोंडून ‘भाऊ गेला’ असे एकवचन निघून गेले, तर त्या वाक्यापुढे रडण्याचे वर्णन लिहिण्याची गरज उरत नाही.

हाक आणि बोली

खान्देशातल्या एकत्र कुटुंबात मुलगा वडिलांना अनेकदा तेच नाव घेऊन हाक मारतो जे घरातली इतर माणसे घेतात. काका त्यांना भाऊ म्हणतात म्हणून मुलगाही भाऊच म्हणतो. नाना, आप्पा, आबा, दादा, अण्णा ही नावे अशीच लागतात. बाहेरच्या वाचकाला ‘भाऊ’ म्हणजे वडील हे कळत नाही, आणि तो पहिले पान गोंधळात वाचतो. त्याला कंसात खुलासा देऊ नये; पहिल्याच प्रसंगात एखाद्या तिसऱ्या माणसाच्या तोंडी ‘तुझा बाप कुठे आहे?’ असा प्रश्न घालावा आणि मुलाने ‘भाऊ मळ्यात गेलेत’ असे उत्तर द्यावे. काम झाले.

बोलीच्या बाबतीत माझा आग्रह थोडा कडक आहे. धुळे, साक्री, अमळनेर, चाळीसगावकडची अहिराणी, यावल-रावेर-भुसावळकडची लेवा गणबोली आणि जामनेरकडची तावडी या एकच आहेत असे समजून ‘खान्देशी’ नावाची मिसळ करू नये. आपल्या घरात जी बोलली गेली तीच लिहावी, आणि जी बोलली गेली नाही ती बोलणाऱ्या माणसाकडून वाचून तपासून घ्यावी. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुवा भागातील पावरा किंवा भिल्ल कुटुंबातील बाप-लेक लिहायचे असतील तर त्यांची भाषा, त्यांची होळी, त्यांचे नातेसंबंधातले रीतिरिवाज वेगळे आहेत. तिथे अहिराणी घराचा साचा चालत नाही. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत ही रीत नवोदितांना सोयीची आहे. बोलीतला शब्द कठीण वाटला तर त्याचा अर्थ आजूबाजूच्या कृतीतून कळेल अशी व्यवस्था करावी.

मात्र बोलीचा उपयोग केवळ रंग भरण्यासाठी करणे म्हणजे हातची संधी घालवणे होय. बाप-लेकातील अंतर आणि जवळीक मोजण्याचे ते इथले सर्वांत नेमके माप आहे. मुलगा पुण्याला नोकरीला लागतो आणि दोन वर्षांनी घरी येतो. बाप ओट्यावर बसलेला आहे. एरवी तो ‘कव्हय उना?’ असे विचारील. पण मुलगा आता शिकलेला, शहरातला, म्हणून त्याचा मान राखावा असे बापाला वाटते, आणि तो अडखळत, शाळेत तपासणीला आलेल्या साहेबाशी बोलावे तसे विचारतो, ‘कधी आलास?’ मुलाला त्या दोन शब्दांत आपण पाहुणे झाल्याचे कळते. प्रसंग एवढाच आहे. बापाने मान दिला आणि त्याच मानाने मुलगा दुखावला. आता पुढे कथेत कुठे तरी, रात्री जेवताना किंवा गोठ्यात, बापाच्या तोंडून सहज ‘जेवना का?’ असे निघाले पाहिजे. ते कुठे निघते आणि मुलगा कोणत्या भाषेत उत्तर देतो, हे ठरवले की कथेचा सांगाडा आपोआप उभा राहतो.

न बोललेले संवादात कसे आणावे

बाप-लेकाचे संभाषण लिहिताना त्यांना विषयावर येऊ देऊ नये. मुलगा नोकरी सुटल्याचे सांगायला आला आहे आणि बाप कपाशीचा भाव विचारतो आहे. मुलगा भाव सांगतो, बाप गुलाबी बोंडअळीविषयी बोलतो, मुलगा फवारणीचे विचारतो. चार-पाच वाक्यांनंतर बाप म्हणतो, ‘यंदा सालदार ठेवायचा नाही असं म्हणतोय. घरचंच माणूस असलं म्हणजे बरं.’ त्याला सगळे आधीच कळले होते, हे वाचकाला इथे समजते. ‘मला माहीत आहे तुझी नोकरी गेली’ असे वाक्य बापाच्या तोंडी घातले असते तर एवढी माहिती पोहोचली असती, पण मुलाला शरमेतून वाचवण्याची बापाची धडपड हरवली असती. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचे, वर्ष आखाजीला (अक्षय तृतीयेला) बदलते, म्हणून हा प्रसंग आखाजीच्या आसपास ठेवला तर त्या वाक्याला शेतीचेही खरे कारण मिळते. कारण खरे असेल तरच आडून बोलणे स्वाभाविक वाटते.

आईला मध्यस्थ करणे ही या नात्याची सार्वत्रिक रीत आहे. ‘त्याला सांग, गाडीत पेट्रोल टाकून ठेवलंय,’ असे बाप मुलाच्या देखत आईला सांगतो. फोनवर मुलाचा आवाज ऐकला की ‘बरा आहेस ना? घे, आईशी बोल,’ म्हणून दहा सेकंदांत फोन पुढे करतो आणि मग आई बोलत असताना तिथून हलत नाही. हे शेवटचे निरीक्षण लिहायला विसरू नये. फोन पुढे करणे सगळेच लिहितात.

मौनाचा सर्वांत थोर नमुना मला भागवताच्या आरंभी दिसतो. शुक सर्वसंगपरित्याग करून निघून जातो, मागून विरहाने व्याकूळ झालेला व्यास ‘पुत्रा’ अशी हाक मारतो, आणि त्या हाकेला उत्तर देतात ती झाडे. मुलगा वळून पाहतो की नाही, बाप रडतो की नाही, याचे तिथे वर्णन नाही. बापाची हाक आहे, मुलाचे जाणे आहे, आणि मधल्या रानाने दिलेला प्रतिसाद आहे. तिसऱ्या गोष्टीविषयी मी जे म्हणत आहे ते याहून चांगले मला सांगता येणार नाही.

प्रतिमा आपल्या मातीतल्या

केळीच्या बागेत राबलेल्या लेखकाला बाप-लेकाची प्रतिमा शोधायला दूर जावे लागत नाही. केळीचे खोड एकदाच घड देते. घड कापल्यावर त्या खोडाचे काम संपते आणि त्याच्या बुंध्याशी राखलेले पिल पुढची बाग होते. या दुसऱ्या पिकाला शेतकरी पिलबाग म्हणतात. प्रतिमा इतकी नेमकी आहे की ती स्पष्ट करून सांगण्याचा मोह होतो, आणि स्पष्ट केली की ती भाषणातल्या दृष्टान्तासारखी होते. म्हणून बापाला घड उतरवताना दाखवावे, कोणते पिल ठेवायचे आणि कोणती काढून टाकायची याचा निर्णय तो कसा करतो ते दाखवावे, मुलाला बाजूला उभे करावे आणि तिथेच थांबावे. ‘जणू बाप म्हणजे खोड’ हे वाक्य लिहिले गेले असेल तर खोडून टाकावे. सोसाट्याच्या वाऱ्यात आडवी झालेली बाग पाहत बांधावर उभे असलेले बाप-लेक हीही तशीच प्रतिमा आहे; तिथे तर संवादाचीही आवश्यकता नाही.

सणांपैकी पोळा सगळेच लिहितात. मी आखाजीकडे लक्ष वेधीन. अक्षय तृतीया बाकीच्या महाराष्ट्रात सोनेखरेदीचा मुहूर्त असेल, खान्देशात ती माहेरी आलेल्या लेकींची, झोक्यांची, गौराईच्या गाण्यांची आणि त्याचबरोबर पितरांची आहे. त्या दिवशी पूर्वजांच्या नावाने घागर भरतात : पाण्याने भरलेली मातीची नवी घागर, तिच्यावर लहान भांडे, त्यावर खरबूज, ज्याला आपण डांगर म्हणतो, जोडीला सांजोरी आणि आंबे. पुरणपोळी व आमरसाचा नैवेद्य निखाऱ्यांवर आगारी म्हणून टाकतात. ज्याचा बाप वर्षभरात गेला त्या मुलाच्या हातून पहिल्यांदा भरली जाणारी घागर हा कथेचा विषय म्हणून फार समृद्ध आहे, आणि त्याचे कारण दुःख हे नाही. कारण असे की तिथे मुलाला बापाचे एक काम करावे लागते.

तो कुंभाराकडे घागर घ्यायला जातो. बाप बोटाच्या पेराने घागर वाजवून पाही आणि एखादी बाजूला ठेवून दुसरी उचली, हे त्याने लहानपणी पाहिलेले आहे. तोही वाजवून पाहतो. पण कोणता आवाज चांगला आणि कोणता चिरेचा, हे त्याने कधी विचारले नव्हते. तो तीन घागरी वाजवतो, त्याला तिन्ही सारख्याच वाटतात. कुंभार त्याच्याकडे पाहत असतो. मग काही न बोलता एक घागर उचलून त्याच्यापुढे ठेवतो. या प्रसंगात बाप कुठेही नाही आणि सगळीकडे आहे. पुढे घरी गेल्यावर पूजा कशी झाली, आई काय म्हणाली, हे लिहायचे की नाही याचा निर्णय प्रत्येकाने आपला घ्यावा. मी लिहिणार नाही.

पुनरावृत्ती, पण बदलून

एकच कृती कथेत दोनदा आणली की मधला काळ न सांगता कळतो. बॅटरीचा प्रसंग वीस वर्षांनी पुन्हा येऊ शकतो. बहुतेक नवोदित इथे सरळ अदलाबदल करतात : आता मुलगा पुढे, बाप मागे, आणि मुलगा उजेड मागे धरतो. वाचकाला हे दोन पाने आधीच दिसलेले असते. अशा वेळी पात्राला विचारावे की तो खरोखर काय करील. मुलगा मोबाईलचा उजेड मागे वळवतो. म्हातारा बाप डोळ्यांवर हात धरून म्हणतो, ‘माले दिसस.’ चाळीस वर्षे तुडवलेला बांध त्याच्या पायांना पाठ आहे. मुलगा उजेड बंद करतो, आणि आता बापाच्या पावलांच्या आवाजामागे त्यालाच चालावे लागते. म्हणजे तोच पुन्हा मागे आला. अदलाबदल मोडली आणि नाते मात्र जसे होते तसे खरे राहिले.

संघर्षाविषयी थोडेच सांगतो, कारण तो लिहायला कोणाला शिकवावे लागत नाही. जमीन विकण्यावरून, लग्नावरून, शेती नको म्हणण्यावरून भांडणारे बाप-लेक दूरच असतात असे नाही. भांडणाच्या ऐन प्रसंगात एक जुनी सवय तशीच चालू ठेवावी : अबोला धरलेला बाप सकाळी मुलाच्या मोटारसायकलवरची धूळ पुसून ठेवतो, किंवा रागावलेला मुलगा जाताना बापाच्या औषधाच्या गोळ्या मोजून पाहतो. दिलजमाईचा प्रसंग, मिठी, क्षमा यांची घाई करू नये. आपल्याकडचे बाप-लेक मिठी मारत नाहीत, आणि कथेत त्यांना मारायला लावली तर ती दोघे दुसऱ्याच कोणाची तरी माणसे वाटतात.

मसुद्यावर हात फिरवताना

मसुदा आठ दिवस बाजूला ठेवावा. मग पहिल्याने शेवटचा परिच्छेद वाचावा. त्यात निवेदक वडिलांविषयी काही सांगत असेल, तर तो काढून त्याच्या आधीचा परिच्छेद शेवट म्हणून चालतो का ते पाहावे. बहुधा चालतो. त्यानंतर ‘खूप’, ‘अतिशय’, ‘नकळत’, ‘डोळ्यांच्या कडा ओलावल्या’ यांवरून पेन्सिल फिरवावी. मग शेतीचे, रेल्वेचे, धंद्याचे तपशील तपासावेत : कपाशीची वेचणी ज्या महिन्यात दाखवली आहे त्या महिन्यात ती होते का, त्या वेळी त्या गावाला एसटी होती का, ज्या वर्षाची कथा आहे त्या वर्षी विहिरीवर मोट होती की मोटर. बाप चुकीच्या ऋतूत पेरणी करताना दिसला तर त्याच्या मायेवरही वाचकाचा विश्वास बसत नाही.

शेवटी कथा मोठ्याने वाचून दाखवावी, आणि ती लेखकमित्राला नव्हे, तर गावातल्या एखाद्या वयस्क माणसाला, ज्याचा मुलगा बाहेरगावी आहे. त्याला साहित्यातले काही कळत नसेल तरी चालेल. पारावर किंवा ओट्यावर बसून, घाई न करता, संवाद बोलीतच वाचावेत. तो मध्येच थांबवून म्हणेल, नालीवर पाणी असे वळवत नाहीत, ही गाठ अशी बसत नाही. ते सगळे उतरवून घ्यावे आणि घरी येऊन दुरुस्त करावे. पण वाचता वाचता तो चुका काढायचा थांबेल, तंबाखू मळणारा त्याचा हात थांबेल आणि तो रस्त्याकडे पाहू लागेल. त्या वेळी आपण कोणत्या ओळीवर होतो तिथे समासात बारीक खूण करावी, वाचन चालू ठेवावे, आणि नंतर दुरुस्ती करताना त्या ओळीला हात लावू नये.